चौदा बादल्या

"चवदा झाल्या व माय," समोरच्या ओट्यावरून आजी म्हणाली आणि तुरीचं सूप उचलून आत निघून गेली. आवाजात राग नव्हता. टोमणा म्हणावा तर तसाही नाही. घड्याळात पाहून किती वाजले ते सांगावं, तसं ती सांगून गेली. मार्च संपत आलेला, सकाळची शाळा आटोपून मी नुकतीच घरी आलेली, आणि बाह्या कोपरावर सरकवून अंगणात घमेल्यापुढे उकिडवी बसलेली. घमेल्यात मागच्या बांधकामातली उरलेली रेती. पिठाच्या चाळणीतून चाळलेली (ही गोष्ट सासूबाईंना आजही माहीत नाही), आणि आता माशांच्या टाकीसाठी धुवत होते. पहिल्या बादलीचं पाणी उकळून काळ्या झालेल्या चहासारखं निघालं. पाचव्या-सहाव्या बादलीला ताकासारखं झालं. मग तांदळाच्या धुवणासारखं. शेवटी शेवटी हात आत घातला की नखं दिसायला लागली, आणि मला इतका आनंद झाला की अंगणभर झालेला चिखल दिसलाच नाही. बादल्या मी मोजल्या नव्हत्या. तिनं मोजल्या होत्या.

खरं तर त्या पाण्याला आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही. अंगणातल्या विहिरीचं ते पाणी, तोंडात धरवत नाही इतकं खारट. भांडी घासायला चालतं, तरी स्टीलच्या गुंडावर पांढरे ओघळ ठेवून जातं. म्हैस पिते, पण पिण्याआधी एकदा आपल्याकडे पाहते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा धरून सरकारी कागदात खारपाणपट्ट्याची ८९४ गावं आहेत, त्यातलं आमचं एक. म्हणजे हिशेबानं मी काहीच वाया घालवलं नव्हतं. पिण्याचं पाणी सहाव्या दिवशी नळाला येतं नाहीतर वीस रुपयांच्या जारमधून. त्याला मी हात लावला नव्हता. हे सगळं मी त्या रात्री मनातल्या मनात आजीला समजावून सांगितलं. सकाळी भाकरी थापताना पुन्हा सांगितलं. ती मात्र समोर नेहमीसारखी तूर निवडत बसली होती. चौदाचा आकडा तिच्या डोक्यात राहिला होता की नाही कोण जाणे, माझ्या राहिला.

आजीला मोजायची सवय कुठून लागली ते मला ठाऊक आहे. ती या गावात नवरी होऊन आली तेव्हा उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणायचे. हातभर रेती उकरली की तळाशी थोडं गोडं पाणी जमायचं, ते वाटीनं गुंडात भरायचं. एक गुंड भरेपर्यंत मागच्या बाईचं पोर झोपून जायचं, असं ती सांगते. पुढे बंडीवर टिपाडं ठेवून दुसऱ्या गावाहून पाणी आणायला लागले. सकाळी किती गुंड आले त्यावर आज न्हाणीत कुणी जायचं ते ठरायचं. आता तिच्या दारात नळ आहे. तो येतो त्या दिवशी ती किती भांडी भरली ते बोटांवर धरते, नातू हसला तरी धरते.

माझं माहेर परतवाड्याचं. मेळघाटातून उतरणारी बिच्छन घराजवळून वाहायची. पावसाळ्यात तिचा आवाज रात्री अंथरुणात ऐकू यायचा आणि पाणी ओसरलं की पात्रात काळे, गुळगुळीत दगड उघडे पडायचे. त्या दगडांवर आम्ही अभ्यास केला, चिंचा फोडल्या, लोणच्याच्या बरणीत मासोळ्या धरल्या. मला पाहायला आलेल्या पाहुण्यांना वडिलांनी वावर किती एकर ते विचारलं, कर्ज विचारलं, पाणी विचारायचं राहून गेलं. सासरी पहिल्या सकाळी चहा हातात आला, मी घोट घेतला आणि समजले की नणंदांनी थट्टा केली आहे. नव्या नवरीच्या चहात मीठ घालायची पद्धत असेल इकडे. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी हसून आख्खा कप संपवला, म्हणजे थट्टा जिरली. दुपारचा चहा तसाच निघाला तेव्हा कळलं. त्या आठवड्यात तुरीच्या डाळीनं माझी अब्रू घेतली. माहेरी तीन शिट्ट्यांत मेण होणारी डाळ इथे तासभर शिजवली तरी दाणा दाताखाली येई. केसांना साबण लावला तर फेसाऐवजी चिकट गोळे. महिनाभरानं आईनं फोनवर विचारलं, "पाणी मानवलं का?" मी हो म्हटलं.

अठरा वर्षं झाली त्याला.

काचेची टाकी मुलाची. सहावीत असताना हट्ट करून घेतलेली, अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. त्यात त्यानं गोल्डफिश आणले, ते दोन महिन्यांत गेले, मग टाकीत क्रिकेटचे बॉल आणि जुने चार्जर राहायला आले. तो अकरावीला अमरावतीला होस्टेलवर गेला तेव्हा आवराआवर करताना ती माझ्या हाती लागली. लॉकडाऊनमध्ये कधीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिलेला मनात राहिला होता: अंगठ्याएवढे पट्टेरी मासे, निळसर डोळ्यांचे, रिकाम्या शंखांत राहणारे. कुणी जवळ आलं की झटकन शंखात शिरायचे आणि दारातून तोंड काढून पाहायचे. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले ते, नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. पाळणारे लाडानं मल्टी म्हणतात. नराची लांबी फार तर साडेचार-पाच सेंटिमीटर, मादी तीनच्या आसपास. सिक्लिड नावाच्या त्या भल्यामोठ्या गोतात हेच सगळ्यांत लहान समजले जातात. आणि राहतात कुठे, तर बडनेऱ्याला गाडीत बसून मुंबईला उतरावं, साधारण तेवढ्या लांबीच्या सरोवरात. खोली १,४७० मीटर. आमचं चिखलदरा उचलून आत ठेवलं तरी डोक्यावर साडेतीनशे मीटर पाणी उरेल. एवढा पसारा सोडून हा जीव काठालगतच्या शंखांच्या पसरणीत एका वीतभर जागेसाठी भांडतो.

पण मला खरी ओढ लागली ती दुसऱ्याच वाक्यानं. या माशांना जड पाणी लागतं, असं त्या व्हिडिओत बाई सांगत होती. अल्कधर्मी, खनिजांनी भरलेलं. मऊ पाण्यात ते खंगतात. ती बिचारी तिच्या देशात नळाच्या पाण्यात कसल्या कसल्या पुड्या मिसळत होती. मी खिडकीतून आमच्या विहिरीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या पाण्याबद्दल मला थोडा अभिमान वाटला असेल तर तो त्या मिनिटाला.

तो अभिमान आरओवाल्या पोरानं उतरवला. जारची गाडी घेऊन येतो तो. त्याच्या खिशात पेनासारखं टीडीएस मीटर असतं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. विहिरीच्या पाण्यात बुडवलं तर आकडा २,३०० वर जाऊन थांबला. टांगानिकाचा साधारण चारशेच्या घरात. "मॅडम, यात मासोयी कायची जगते, लोणचं होईन तिचं," तो म्हणाला. नागपूरला मासे पाळणारे एक गृहस्थ फोनवर भेटले, त्यांनी उरलासुरला भ्रम घालवला. तुमच्याकडचं मीठ बरंचसं जेवणातल्या मिठाच्या जातीचं, ते म्हणाले, आणि त्या सरोवरातलं खाण्याच्या सोड्याच्या जातीचं, शिवाय मॅग्नेशियम. दोन्ही पाणी जडच, पण जडपणा वेगळा. खारं म्हणजे एकच खारं असं धरून मी अठरा वर्षं काढली होती. शेवटी पाणी ठरलं ते असं: पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी, बादलीमागे मोजून खाण्याचा सोडा, मॅग्नेशियमसाठी चिमूट इप्सम सॉल्ट, आणि विहिरीचा एक मग. तो मग कुठल्याही शास्त्रात नाही. तो माझ्या हट्टाचा.

पावसाचं पाणी ह्यांनी फवारणीसाठी ठेवलेलं. विहिरीच्या पाण्यात औषध नीट मिसळत नाही, गुण येत नाही, म्हणून दर पावसाळ्यात एक काळी टाकी गच्च भरून झाकून ठेवतात. त्यातून मी बादल्या काढते हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पऱ्हाटीले ठेवजो जरासं."

दगडांचं वेगळंच. आमच्या गावात दगड नाही. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण पूर्णेच्या गाळाची ही जमीन खाली कितीही खणा, काळी माती आणि पिवळी माती. कुत्र्याला भिरकवायचं तर ढेकूळ उचलावं लागतं. पाटा-वरवंटा, उखळ, देवळाची पायरी, जे काही दगडाचं आहे ते बाहेरून आलेलं. म्हणून गुढीपाडव्याला माहेरी गेले तेव्हा बिच्छनच्या पात्रात उतरले. पात्र आता पूर्वीचं राहिलेलं नाही. प्लास्टिक, एका बाजूला सांडपाण्याची काळी रेघ. तरी वरच्या अंगाला दगड होते. तळहाताएवढे, दोन तळहातांएवढे, ओले केले की शाईसारखे काळे. एकेकाला उलटंपालटं करून, एकावर एक ठेवून फट कशी पडते ते पाहत दुपार गेली. भाऊ काठावर मोटारसायकलला टेकून उभा. "ताई, लोकं माहेराहून साडी नेतात," तो म्हणाला. पिशवी बावीस किलो भरली. एसटीत कंडक्टरनं विचारलं, यात काय? मी म्हटलं दगड. त्यानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लगेजचं तिकीट फाडलं नाही.

हे दगड आधी मांडायचे आणि रेती नंतर घालायची. उलट केलं तर पस्तावावं लागतं, कारण हे मासे दिवसरात्र रेती उकरतात. रेतीवर ठेवलेला दगड खालून पोकळ होतो आणि एखाद्या रात्री काचेवर येतो. मी तळाला थर्माकोलचा पातळ तुकडा टाकून त्यावर दगड बसवले, हलवून हलवून पाहिले, मग त्या चौदा बादल्यांची रेती त्यांच्या पायाशी ओतली. खरं तर मल्टींना दगडांची फारशी गरज नाही. त्यांचं घर शंखांच्या माळावर असतं, दगडांच्या कपारीत टांगानिकातले दुसरेच मासे राहतात. एकेका कुटुंबाची हद्द दुसऱ्याच्या डोळ्याआड राहावी म्हणून दोन-चार दगड पुरतात. मी अकरा लावले. टाकीची मागची बाजू पाहिली की तिथे बिच्छनचा काठ दिसायला हवा होता, त्यात माशांचा काही संबंध नव्हता.

आमच्या मातीनं मात्र एक गोष्ट दिली. नांगरटीनंतर वावरात चुनखडीचे खडे वर येतात, पांढरट, वाटाण्यापासून बोरापर्यंत. पायाला टोचतात म्हणून बाया ते वेचून धुऱ्यावर टाकतात. त्यावर लिंबू पिळलं की फसफसतं. ते धुऊन मी जाळीच्या पिशवीत भरले आणि फिल्टरमध्ये ठेवले. पाणी आंबटाकडे झुकायला लागलं की ते थोडे थोडे विरघळून त्याला सावरतात. रंगाच्या थेंबांनी तपासलं तर पीएच ८.४ च्या आसपास. नागपूरच्या गृहस्थांनी फोटो मागवून घेतला आणि खड्यांना "भारी आहे हो" म्हणाले. आख्ख्या टाकीत तेवढीच एक गोष्ट आमच्या वावरची.

शंख शाळेतल्या पोरांनी आणले. टांगानिकात निओथौमा नावाच्या गोगलगायीचे शंख तळावर थरच्या थर साचलेले असतात, त्यात हे मासे राहतात. आपल्या नद्यांमध्ये जी टोकदार, हिरवट-तपकिरी गोगलगाय सापडते, ती त्याच कुळातली. दुसरी मोठी, लिंबाएवढी गोलसर असते. उन्हाळ्यात डोह आटतो, त्या मरतात, शंख चिखलात रुतून राहतात. मी वर्गात सांगितलं, फक्त रिकामे आणायचे. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग. चौथीतल्या एकानं खिशातून एक काढला तो जिवंत होता. खिसा चिकट, पोरगं खूश. त्याला तासाभराची सुट्टी देऊन परत डोहात सोडून यायला पाठवलं. बाकीचे उकळायला हवे होते. त्यांच्या पोटात वाळून बसलेलं काहीबाही असतंच. जुन्या गंजात, अंगणातल्या चुलीवर, पऱ्हाट्यांचा जाळ करून मी ते उकळले आणि जो वास सुटला त्याला मला शब्द नाही. सासूबाई माळकरी. त्या पदर नाकाला लावून दारात आल्या. "या घरात काय शिजून राह्यलं?" शंख म्हटलं. "शंख देवघरात ठेवतेत व बाई, चुलीवर नाही." तो गंज आता कायमचा अंगणाबाहेर गेला आहे. तीन वेळा उकळून, ब्रशनं घासून, आठवडाभर उन्हात ठेवल्यावर तेवीस शंख कामाचे निघाले. ज्यांच्या दारात माझ्या करंगळीचं पेर सहज जाईल तेवढेच घेतले.

आणि मग मी घाई केली.

नवी टाकी म्हणजे नुसतं पाणी. माशांची घाण आणि उरलेलं अन्न सडून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे त्या मानानं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजावर, रेतीवर हळूहळू वसावे लागतात. चार ते सहा आठवडे. हे मी वाचलेलं होतं, वहीत लिहून ठेवलेलं होतं. तरी नवव्या दिवशी पाणी इतकं नितळ दिसायला लागलं की मी नागपूरहून सहा मासे मागवले. ज्या अल्कधर्मी पाण्याचा मला एवढा गर्व, त्यातच अमोनिया जास्त विषारी होतो, हेही वहीत त्याच पानावर होतं. पहिल्या दोन दिवसांत काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी एक वर येऊन तोंड उघडमीट करत होता. कल्ले लालभडक. मी बादल्यांमागून बादल्या बदलल्या. पाचव्या दिवशी सकाळी पाच मासे आडवे. चहाच्या चमच्यात मावतील एवढे देह. एकेक काढून कढीपत्त्याच्या मुळाशी पुरले आणि शाळेत जाऊन पाढे घेतले. दोष द्यायला कुणी नव्हतं. संध्याकाळी टाकी रिकामी करायला बसले तर कोपऱ्यातल्या मोठ्या शंखातून एक निळसर डोळा पाहत होता.

त्या एका माशासाठी मी तो उन्हाळा काढला. एप्रिल-मे इथे काय असतो ते सांगायला नको. ह्या माशांना २४ ते २७ अंश बरं वाटतं आणि आमच्याकडे दुपारी सावलीतल्या बादलीतलं पाणी अंगावर घेववत नाही. टाकी मधल्या खोलीत हलवली. जुन्या मातीच्या भिंती तिथे अजून आहेत. बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं, वरून टेबलफॅन लावला, दुपारी दोनला फ्रीजमधली गोठलेली बाटली तरंगत सोडायची. तरी पाणी एकतीसवर जायचं. लाइट गेली की फिल्टर थांबतो, आतले जीवाणू गुदमरतात, म्हणून बॅटरीचा पंप. घरातले आम्ही तिघं कुलरशिवाय ओसरीत, आणि आत एका बोटभर माशाच्या दिमतीला पंखा, बर्फ, बॅटरी. मला लाज वाटायची. बर्फाची बाटली बदलायला मी उठायचेच. दरम्यान अमरावतीच्या एका मुलानं स्वतःच्या जुन्या टाकीतला स्पंज पिळून ते काळं पाणी बाटलीत भरून दिलं. त्याला मी विरजण म्हणते, कारण ते तेच आहे. दुसऱ्याच्या घरचं चमचाभर आणून आपल्या भांड्यात लावायचं आणि हलवायचं नाही. सहा आठवड्यांनी अमोनियाच्या थेंबांना पिवळा रंग, म्हणजे अमोनिया नसल्याचा, आला आणि तसाच राहिला.

त्याच उन्हाळ्यात काचेवर रेघ दिसली. पाणी उडून जायचं, मी वर भर घालायची, आणि जिथपर्यंत पाणी असायचं तिथे पांढरी, खरखरीत कड धरायची. नखानं खरवडली तर पीठ. पाणी जातं, क्षार मागे राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी तयार केलेलं जड पाणी घालायचं नसतं, साधंच घालायचं, नाहीतर टाकी महिन्या-महिन्यानं खारट होत जाते. हे वाचलं आणि मी नुसती बसून राहिले. आमच्या वावरात चैत्रात हेच होतं. खालचं पाणी मातीतून वर चढतं, ऊन ते ओढून घेतं, आणि ढेकळांच्या माथ्यावर पांढरा पापुद्रा उरतो. माठाच्या बुडाला तोच. ह्यांच्या शर्टाच्या पाठीवर वावरातून आल्यावर तोच. मी ती रेघ पुसली नाही अजून.

जूनच्या शेवटी दुसरे सहा मासे आले. ट्रॅव्हल्सनं अमरावतीपर्यंत, पुढे एसटीत माझ्या मांडीवर, थर्माकोलच्या डब्यात. या वेळी घाई नाही. पिशवीतलं पाणी माशांसकट एका डब्यात घ्यायचं, टाकीतून बारीक नळी लावायची, नळीला गाठ मारायची आणि टाकीचं पाणी थेंब थेंब त्यात पडू द्यायचं. दोन तास. नव्या पाण्याचा झटका बसू नये म्हणून. मी खाली बसून थेंब पाहत होते आणि स्वतःशीच पुटपुटले, यांचे बरे लाड आहेत. आम्हाला तर आख्खा कप हातात दिला होता. सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं काय म्हणाली, मी म्हटलं काही नाही. त्या कुठून आल्या होत्या ते तेव्हा आठवलं. धारणीकडच्या. डोंगराच्या पलीकडच्या, गोड्या पाण्याच्या. मी अठरा वर्षांत त्यांना कधी विचारलंच नव्हतं की पहिला चहा तुम्हाला कसा लागला.

सोडल्यावर अर्ध्या तासात सहाच्या सहा माशांनी शंख धरले. जुना नर (तो नर निघाला) फुगून पुढे आला, मग प्रत्येकाच्या दारापर्यंत जाऊन आला. दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात. तोंडात रेती भरायची, चार बोटं दूर जाऊन थुंकायची, परत यायचं. शंखाच्या खालची रेती काढून तो बुडवायचा, दार तेवढं वर ठेवायचं. माझं एक मांडणीचं चित्र होतं, कुठला शंख कुठे; आठवड्यात त्यातलं काही उरलं नाही. एका मादीनं तर बिच्छनच्या सगळ्यांत देखण्या दगडासमोर रेतीचा असा ढीग घातला की दगड निम्मा झाकला गेला. मी हात घालून ढीग सरकवला तर ती तीन सेंटिमीटरची बाई माझ्या बोटाला येऊन चावली. लागलं काहीच नाही. पण हात मी काढून घेतला आणि तेव्हापासून आत घातलेला नाही.

आजी आत पहिल्यांदा आली ती दसऱ्याच्या सुमाराला. रविवारी मी टाकीतलं पाणी काढते, दोन बादल्या. ते नाल्यात ओतताना तिनं पाहिलं आणि रस्ता ओलांडून आली. "हे फेकून राह्यली का?" मी सांगितलं, माशांच्या घाणीचं पाणी आहे, झाडांना चांगलं असतं. विहिरीच्या मानानं खारटही पुष्कळ कमी. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं, मी नको नको म्हणेपर्यंत. "माह्या तुयशीले दे मंग." तेव्हापासून रविवारी ती स्वतःच्या बादल्या घेऊन येते आणि जाताना टाकीपुढे टेकते. गुडघे दुखतात म्हणून खुर्ची दिली तर घेत नाही. खुर्चीवरून खालचे शंख दिसत नाहीत, म्हणते.

"हे शंख कोनाचे?"

गोगलगायीचे, मी म्हटलं. ती मेली.

"मंग मेलेलीच्या घरात घुसले हे." थोडा वेळ पाहत राहिली. "सात-बाऱ्यावर नाव चढवलं का?"

दिवाळीनंतर एका शंखाच्या तोंडाशी मला धुळीसारखं काही हललेलं दिसलं. पापणीच्या केसाएवढी पिल्लं. आई शंखात अंडी घालते, पिल्लं दारापर्यंत येतात, सावली पडली की सगळी एकदम आत ओढली जातात. मोठी झाली तरी ती लगेच कुठे जात नाहीत. त्याच वसाहतीत, आईबापांच्या हद्दीतच शंख धरतात. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, टाकी माझी आहे बरं का." दोन रविवारांनी आला, टाकीसमोर मोबाइल धरून अर्धा तास पालथा पडून होता. जाताना त्याला डबा भरून देताना मी पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. तो हसला. होस्टेलला फिल्टर आहे म्हणाला.

मागच्या रविवारी आजी आली तेव्हा मी पाणी काढून ठेवलं होतं. ती बसली. मी सांगितलं, मोठे सात सोडून पिल्लं अकरा आहेत, कालच मोजली, दोनदा. ती काही बोलली नाही. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून काचेला जवळजवळ नाक लावलं, आणि डाव्या हाताचा अंगठा पेरांवरून सरकायला लागला. टाकीतला दिवा तिच्या चष्म्यात पडला होता. बराच वेळ लागला. फिल्टरची गुरगुर तेवढी.

"बारा हायेत," ती म्हणाली. "एक त्या काया दगडामांगं, शंखात हाय. निंघतच नाही भाईर."

मी वाकून पाहिलं. रेतीच्या ढिगामागे अर्धा बुडालेला शंख, मी कधी रिकामाच धरलेला. दारात काहीच दिसेना. मग दिसलं.

आजी गुडघ्यावर हात देऊन उठली, बादल्यांकडे गेली, एक उचलली, दुसरीत डोकावली.

"आज दोनच?"

दोनच, मी म्हटलं.